युद्ध, राष्ट्रपती आणि एक मराठी हस्तलिखित



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, आणि मी निवडलेला विषय ऐकून त्यांच्यापैकी एक-दोघांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले. मराठीच्या अध्यापकाने ज्ञानेश्वरांवर बोलावे, फार तर मर्ढेकरांवर बोलावे. युद्ध, राष्ट्रपती आणि सर्वोच्च न्यायालय यांच्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे तो वाक्याचा. कायदा हा अखेर वाक्यांतच राहतो. एखाद्या वाक्यातील गौण उपवाक्य गळाले तर माणसाचे काय होते, हे मी चाळीस वर्षे व्याकरणाच्या तासाला शिकवत आलो. पण त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मला व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत सापडले. त्या उदाहरणाच्या मध्यभागी एक मराठी पुस्तक आहे, ही आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट.

आरंभ मात्र आपल्या मातीतूनच करतो. आपल्या भागातील वडीलधाऱ्या माणसांची कालगणना एका इंग्रजी शब्दावर बेतलेली असे. मुलाचा जन्म, विहिरीचे खोदकाम, वाड्याची वाटणी, सारे काही 'पोलीस ॲक्शनच्या आधी' किंवा 'पोलीस ॲक्शननंतर'. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले, पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या ताब्यात आले, आणि येथून फार दूर नसलेल्या उमरगा-हुमनाबादच्या रस्त्याने ते हैदराबादकडे सरकत गेले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ला त्याच्या सेनापतीने शरणागती पत्करली. रणगाडे होते, तोफा होत्या, विमाने होती, मेजर जनरलच्या हाती मोहीम होती; तरी तिचे नाव पोलीस कारवाई. नाव असे का ठेवले, हे समजण्यास फार कायदा लागत नाही. युद्ध दोन राज्यांत होते, आणि हैदराबाद हे स्वतंत्र राज्य आहे हे भारताला मान्य नव्हते. निजामाने २१ ऑगस्टलाच सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली होती. पॅरिसमध्ये ती चर्चेला आली तेव्हा सैन्य अर्ध्याहून अधिक वाट चालून गेले होते. 'युद्ध' म्हणावे तर जगाला उत्तर द्यावे लागते, 'पोलीस' म्हणावे तर तो घरचा मामला ठरतो.

रझाकारांच्या छळातून या भागाची सुटका त्या कारवाईने झाली, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ज्यांनी तो काळ भोगला त्यांच्याकडून मी तो ऐकला आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले, तेही या भागाला ठाऊक आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे आपणच. तो अहवाल सामान्य अभ्यासकाच्या हाती यावयास २०१३ साल उजाडले. युद्धाला युद्ध न म्हटल्याने हत्या झाल्या, असे मी म्हणत नाही. पण ज्याला युद्ध म्हटले नाही त्याचा हिशेबही कोणी विचारला नाही, एवढे खरे. शब्दामागे जबाबदारी लपू शकते, ही गोष्ट मनात ठेवून पुढे जाऊ.

दोनच वर्षांनी हाच शब्द जगाच्या दुसऱ्या टोकाला उच्चारला गेला. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध घोषित करण्याचा अधिकार स्पष्टपणे काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसकडे घोषणा न मागताच सैन्य पाठविले, आणि पत्रकारांपुढे आपण युद्धात नाही असे सांगितले. मग ही संयुक्त राष्ट्रांच्या वतीने केलेली 'पोलीस ॲक्शन' म्हणावी काय, असे एकाने विचारले, तेव्हा त्यांनी होकार दिला. आळंद-उमरग्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला शब्द व्हाइट हाउसमध्येही तेच काम करीत होता.

पुढे एप्रिल १९५२ मध्ये पोलाद कारखान्यांत संप होऊ घातला. पोलाद थांबले तर कोरियातील लढाई थांबेल, असे म्हणून ट्रूमन यांनी देशातील प्रमुख पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले जॉन डेव्हिस. वय ७९. १९२४ साली ते स्वतः राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले होते. सेनापती म्हणून असलेला राष्ट्राध्यक्षाचा अधिकार रणांगणावर चालतो. देशातील कारखाने ताब्यात घेण्यासाठी कायदेमंडळाचा कायदा लागतो, असे म्हणणे न्यायालयापुढे आले. २ जून १९५२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने हुकूम रद्द ठरविला. बहुमतात न्यायमूर्ती जॅक्सन होते, आणि हेच जॅक्सन १९४१ साली रूझवेल्ट यांचे महान्यायवादी असताना अशाच एका ताब्याचे समर्थन करीत होते. माणूस खुर्ची बदलली की मत बदलतो, याची चेष्टा करण्याचा मोह होतो. पण पुष्कळदा नवी खुर्चीच माणसाला अधिक दूरचे दाखविते. असेच एक उदाहरण आपल्याकडे पुढे येणार आहे.

डेव्हिस जिंकले, पण कोरियाचे युद्ध चालूच राहिले. त्या युद्धाच्या वैधतेला न्यायालयाने हात लावला नाही. तो लावण्याचा प्रयत्न व्हिएतनामच्या काळात झाला. एलिझाबेथ होल्ट्झमन या स्वतः वकील असलेल्या काँग्रेस-सदस्येने कंबोडियावरील बाँबफेक बेकायदा ठरवावी म्हणून दावा लावला. २५ जुलै १९७३ रोजी खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश जड यांनी ती मागणी चक्क मान्य केली. वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी स्थगिती उठविली, आणि त्याच दिवशी त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनीवरून विचारविनिमय करून ती पुन्हा घातली. म्हणजे काही तास का होईना, एका महासत्तेची बाँबफेक न्यायालयाच्या आदेशाने बेकायदा ठरली होती. ती प्रत्यक्षात थांबली ती १५ ऑगस्टला, काँग्रेसने पैसा अडविला म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकारांविषयीचा ठराव केला: सैन्य धाडल्यास ४८ तासांत कळवा आणि संमती नसेल तर ६० दिवसांत आवरा. पुढील राष्ट्राध्यक्षांनी त्यातून आपापल्या वाटा काढल्याच, तो भाग वेगळा.

आता आपल्या घटनेकडे वळू. आपल्या घटनेत 'युद्ध कोण घोषित करील' असे सांगणारे कलमच नाही. संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा, असे ५३वे कलम सांगते; युद्ध आणि शांतता हा विषय केंद्राच्या सूचीत १५व्या क्रमांकावर आहे. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणून आपल्याकडे राष्ट्रपतींचा अधिकार म्हणजे व्यवहारात पंतप्रधान व मंत्रिमंडळ यांचा अधिकार. युद्धाविषयी घटना सविस्तर बोलते ती एकाच ठिकाणी, आणीबाणीच्या प्रकरणात. म्हणजे सैन्य सीमेपलीकडे कसे जावे याविषयी ती जवळजवळ मौन पाळते, पण सैन्य गेल्यावर घरातल्या माणसाचे काय करावे याविषयी मात्र तपशिलाने सांगते. ३५२व्या कलमाने राष्ट्रपती आणीबाणीची उद्घोषणा करतात, ३५८व्याने १९व्या कलमातील स्वातंत्र्ये बाजूला पडतात, आणि ३५९व्याने मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्कच राष्ट्रपती आदेशाने स्थगित करू शकतात. १९४९ च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी या तरतुदींविरुद्ध कळकळीने भाषण केले होते. जर्मनीच्या वायमर घटनेतील अशाच अधिकारांच्या पायऱ्यांवरून हिटलर वर चढला, याची त्यांनी आठवण दिली. तरतुदी संमत झाल्या.

त्या प्रथम वापरल्या गेल्या चीनच्या आक्रमणात. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. संरक्षण निधीसाठी शाळेत डबा फिरे, आया-बहिणी अंगावरचे किडूकमिडूक देत, जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले जात. त्या भरात २६ ऑक्टोबर १९६२च्या उद्घोषणेकडे आणि ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाकडे आमच्यासारख्यांचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. त्या आदेशाचा मथितार्थ असा: २१ व २२ या कलमांनी दिलेले हक्क मिळविण्यासाठी कोणत्याही न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणी असेपर्यंत स्थगित राहील, जर त्या व्यक्तीचे हे हक्क भारत संरक्षण वटहुकमाने अथवा त्याखालील नियमाने वा आदेशाने हिरावले गेले असतील तर. काही दिवसांनी त्यात १४वे कलमही घालण्यात आले.

श्रोतेहो, या वाक्यातील 'जर'कडे लक्ष द्यावे. मूळ इंग्रजी वाक्यात ही अट शेवटी, शेपटासारखी लोंबते. मराठीत आपण सहसा 'जर' आधी घालतो आणि 'तर' मागून आणतो. आपल्या भाषेला अट आधी ऐकण्याची सवय आहे. इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्याला हे शेपूट बहुधा एक औपचारिकता वाटली असावी. पुढच्या तीन वर्षांत अनेकांचे स्वातंत्र्य त्या शेपटाला धरून तरले.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तोफा थांबल्या, आणीबाणी थांबली नाही. ती उठली १० जानेवारी १९६८ रोजी. महिनाभराच्या लढाईसाठी पाच वर्षांहून अधिक काळ! या काळात भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार पुढारी, असे कितीतरी लोक चौकशीविना आत होते.

त्यांच्यापैकी काहींची अपिले सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे आली. मक्खनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या नावाने ती ओळखली जातात. त्यांत मुंबईकडचीही अपिले होती. स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिले मोतीलाल सेटलवाड. हे गृहस्थ १९५० पासून १९६३ च्या आरंभापर्यंत भारताचे पहिले महान्यायवादी, म्हणजे सरकारचे सर्वोच्च वकील होते. पद सोडून वर्ष होण्याच्या आत ते सरकारने केलेल्या स्थानबद्धतेविरुद्ध उभे होते. त्यांचे वडील चिमणलाल सेटलवाड हे जालियनवाला हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचे सदस्य, आणि १९१९ साली लाहोरात जनरल डायरची उलटतपासणी घेणाऱ्यांपैकी एक. संकटाच्या नावाने सत्तेने काय केले, हे विचारण्याची त्या घरात अशी परंपराच होती म्हणावी लागेल.

२ सप्टेंबर १९६३चा बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. सातारचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. आडनाव मात्र आजच्या कर्नाटकातल्या गजेंद्रगडचे. सीमेची रेघ आडनावांवरून ओढता येत नाही, हे या सभागृहात निराळे सांगायला नको. 'कोणत्याही न्यायालयात' या शब्दांचा अर्थ त्यांनी व्यापक घेतला. सर्वोच्च न्यायालयच नव्हे, उच्च न्यायालयाचेही दार त्या हक्कांपुरते बंद. सेटलवाडांचे मुख्य म्हणणे अशा रीतीने फेटाळले गेले. परंतु त्याच निकालपत्रात गजेंद्रगडकरांनी आदेशातल्या अटीची दुसरी बाजूही उलगडली. स्थानबद्धता त्या कायद्याच्या चौकटीतच बसत नसेल, सक्तीची तरतूद मोडून केलेली असेल, किंवा आकसाने केलेली असेल, तर दार उघडे आहे. न्यायमूर्ती सुब्बाराव एकटे भिन्न मताचे होते. त्यांना स्थानबद्धाला याहून मोठी वाट मोकळी ठेवायची होती. हरलेल्या दाव्यातून असे काही हाती लागणे वकिलीत दुर्मीळ नसते, पण ते ओळखायला पुढचा वकील जागा असावा लागतो.

आणि आता ते पुस्तक. प्रभाकर संझगिरी हे मुंबईच्या कामगार चळवळीतील कम्युनिस्ट कार्यकर्ते. ७ नोव्हेंबर १९६२च्या आदेशाने त्यांना स्थानबद्ध करून आर्थर रोडच्या तुरुंगात ठेवण्यात आले. भारताच्या संरक्षणाला आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येऊ नये, हे कारण. तुरुंगात त्यांनी सरकारच्याच परवानगीने एक पुस्तक लिहिले. विषय राजकारण नव्हे, कामगार नव्हे, चीन तर नव्हेच. पुस्तकाचे नाव 'अणूच्या अंतरंगात'. मूलकण आणि पुंज सिद्धांत सामान्य मराठी वाचकाला कळावेत असे पुस्तक. इंग्रजी निकालपत्रात हे नाव रोमन लिपीत छापताना 'अणूचा अंतरंगात' असे झाले आहे. सामान्यरूप सर्वोच्च न्यायालयातही सुटते हे पाहून आम्हा मराठीच्या शिक्षकांना थोडा धीर येतो.

सप्टेंबर १९६३ मध्ये संझगिरींनी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी मागितली. सहा महिन्यांनी, २७ मार्च १९६४च्या पत्राने, राज्य सरकारने ती नाकारली. तुरुंगाच्या अधीक्षकाकडे अर्ज केला, तोही नामंजूर. लिहायला परवानगी, पण लिहिलेले भिंतीबाहेर जायला नाही! आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात तुरुंगाचे स्थान मोठे आहे. विनोबांची गीता-प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'श्यामची आई' पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेत लिहिले. १९१४ साली ते सुटले तेव्हा हस्तलिखित सरकारने ठेवून घेतले होते. ते नंतर परत मिळाले आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिळकांना हस्तलिखित मिळाले ते सरकारच्या मर्जीने. मागण्याचा हक्क सांगता येईल अशी राज्यघटना त्यांच्या हाती नव्हती. संझगिरींच्या हाती होती, पण राष्ट्रपतींच्या आदेशाने ती मिटून ठेवलेली.

त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि पुस्तक वस्तुनिष्ठ, लोकशिक्षणासाठी लिहिलेले आहे असे मत नोंदवून परवानगी देण्यास सांगितले. येथे प्रकरण संपावे, असे आपल्याला वाटेल. पण महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. मराठी भाषकांच्या राज्याची स्थापना होऊन पाच वर्षे होत होती, आणि एक मराठी विज्ञानग्रंथ छापला जाऊ नये म्हणून ते राज्य दिल्लीत वकील उभे करीत होते. मला हे आजही पचत नाही. विज्ञान मराठीत यावे म्हणून मराठी विज्ञान परिषद मुंबईत स्थापन झाली ती पुढच्याच वर्षी, १९६६ साली, हा योगायोगही नोंदवून ठेवण्यासारखा.

सरकारचा युक्तिवाद मुळात दोन पायांवर उभा होता. एक, स्थानबद्धांच्या वागणुकीविषयीच्या १९५१च्या आदेशात त्यांना काय काय करता येईल ते दिले आहे. पुस्तक बाहेर पाठविण्याची सवलत त्यात नाही, म्हणून तो हक्क नाही. दोन, काहीही असले तरी राष्ट्रपतींच्या आदेशामुळे न्यायालयाला हे ऐकताच येत नाही.

निकाल लिहिला सुब्बारावांनी, १९६३ साली एकटे पडलेल्या त्याच न्यायमूर्तींनी. पहिल्या मुद्द्याला त्यांनी दिलेले उत्तर मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना अर्थान्वयाचा नमुना म्हणून सांगत आलो. नियम हे स्थानबद्धाला सवलती वाटत नाहीत. ते त्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालतात. म्हणून नियमांनी जे हिरावलेले नाही ते त्याच्याकडे शिल्लकच आहे. 'दिले आहे तेवढेच तुझे' आणि 'घेतले नाही ते तुझेच', या दोन वाचनांत प्रजा आणि नागरिक एवढे अंतर आहे. सरकारचे पहिले वाचन जर मान्य केले असते, तर स्थानबद्धाला श्वास घेण्याची सवलत कोणत्या नियमाने दिली, असेही विचारावे लागले असते.

दुसऱ्या मुद्द्याला उत्तर त्या शेपटाने दिले. राष्ट्रपतींचा आदेश अटीने बांधलेला आहे. हक्क भारत संरक्षण नियमांनी हिरावला गेला असेल, तरच न्यायालयाचे दार बंद. हस्तलिखित अडविणारा असा नियम किंवा आदेश तर दाखविता येत नाही. मग अटच पुरी होत नाही, आणि दार उघडे राहते. सरकारचे अपील फेटाळले गेले.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने चाल केली होती. नवी उद्घोषणा करण्याची गरजच पडली नाही, कारण १९६२ची अजून चालू होती. पाकिस्तानशी खुले युद्ध पेटलेले असताना सर्वोच्च न्यायालय एका स्थानबद्ध कम्युनिस्टाचे पुस्तक मोकळे करीत होते. एवढेच नव्हे, दुसऱ्याच दिवशी डॉ. राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेचाही निकाल लागला. पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशात 'कायदा आणि सुव्यवस्था' असे शब्द होते. नियमात होते 'सार्वजनिक सुव्यवस्था'. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक काढलेल्या तीन वर्तुळांची कल्पना मांडली: सर्वांत मोठे कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत लहान राज्याच्या सुरक्षिततेचे. मोठ्या वर्तुळाचे कारण सांगून लहान वर्तुळाचा अधिकार वापरता येणार नाही. बहुमताने लोहिया सुटले. ज्यांना हे शब्दच्छल वाटते त्यांनी लोहियांच्या जागी स्वतःला बसवून पाहावे.

सुब्बाराव पुढे सरन्यायाधीश झाले, आणि १९६७ साली ते पद सोडून झाकीर हुसेन यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले. हरले. राष्ट्रपतींच्या आदेशाचे इतके बारीक वाचन करणारा माणूस त्या आदेशावर सही करणाऱ्या खुर्चीत बसला असता तर काय झाले असते, हा माझ्यासारख्या निवृत्त माणसाचा फावल्या वेळचा विचार.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतला असल्याने मी थोडक्यात सांगतो. ३ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशच्या युद्धात, दुसरी उद्घोषणा झाली. युद्ध पंधरवड्यात संपले. उद्घोषणा १९७७पर्यंत राहिली. तिच्या जोडीला २५ जून १९७५च्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणाने तिसरी आली. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या पत्रावर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. आणि २७ जूनला ३५९व्या कलमाखाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. तो १९६२च्या आदेशाशेजारी ठेवून वाचावा. कलमे तीच: १४, २१, २२. फरक एकच. 'जर' नाही. कोणीतरी मक्खनसिंग, संझगिरी, लोहिया हे निकाल नीट वाचले होते, आणि ते शेपूट कापून टाकले होते.

तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची गाऱ्हाणी ऐकण्याचा आपला अधिकार सोडला नाही. ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात आली, त्यांना जबलपूरच्या प्रकरणाचे नाव पडले. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी यांच्याबरोबर विठ्ठल महादेव तारकुंडे होते. तारकुंडे मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. एखाद्या पोलिसाने वैराने कोणाला ठार केले तरी उपाय नाही काय, या न्यायमूर्ती खन्नांच्या प्रश्नाला, आणीबाणी असेपर्यंत नाही, अशा आशयाचे उत्तर महान्यायवादी नीरेन डे यांनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी तेच मान्य झाले. आदेशात अट नाही, म्हणून दारात फट नाही. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. खन्ना एकटे विरुद्ध गेले. जीविताचा हक्क घटनेने दिला म्हणून आला असे नाही, कायद्याचे राज्य म्हटले की तो आलाच, असा त्यांच्या मताचा गाभा होता. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. चंद्रचूडांची विद्वत्ता मोठी होती, तरी त्या दिवशी ते आदेशाच्या मजकुरापुढे वाकले, असेच मला वाटते. मजकूर वाचणे हे माझे आयुष्यभराचे काम. पण मजकुरात जे लिहिलेले नाही ते नष्ट झाले असे समजणे हे वाचन नव्हे. १९६५ साली सुब्बारावांनी सांगितले होते ते हेच. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जबलपूरचा निकाल मोडीत काढला. तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

कापलेले शेपूट पुन्हा जोडले, किंबहुना त्याहून बळकट गाठ मारली, ती १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने. २० आणि २१ या कलमांना आता कोणत्याही आणीबाणीत हात लावता येत नाही. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, महिन्याच्या आत संसदेची विशेष बहुमताने संमती हवी. १९७७ नंतर युद्धाच्या कारणाने उद्घोषणा झालेली नाही. १९९९ साली कारगिलची लढाई आपण तिच्यावाचूनच लढलो.

जे दुरुस्त झाले नाही तेही सांगितले पाहिजे. सैन्य सीमेपार धाडण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, असे बंधन आपल्याकडे आजही नाही. १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना गेली ती एका कराराच्या आधाराने. आपल्या हजाराहून अधिक जवानांनी तेथे प्राण गमावले. 'शांतिसेना' हा शब्दही 'पोलीस ॲक्शन'च्या गोत्रातलाच. युद्ध करावे की न करावे, हा प्रश्न भारतीय न्यायालयापुढे नेऊन कोणी जिंकल्याचे उदाहरण नाही, आणि तसे व्हावे की नाही याविषयी विचारवंतांत दोन मते आहेत. माझे मत असे, की तो प्रश्न संसदेने स्वतःकडे मागून घ्यावा. न्यायालयाकडे राहतो तो दुसरा, लहान दिसणारा प्रश्न: युद्धाच्या नावाने माझ्या दारात आलेल्या माणसाने कोणता नियम आणला आहे, तो वाचून दाखवा.

तो प्रश्न विचारायला आपल्या भागातील माणसाला पूर्वी थेट बंगळूरला जावे लागे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर पन्नास वर्षे ती स्थिती होती. २००८ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे पीठ गुलबर्ग्यात सुरू झाले आणि २०१३ साली ते कायम झाले. बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज घेऊन खजुरीहून निघालेला माणूस आता आळंदमार्गे कलबुर्गीला जाऊन संध्याकाळच्या बसने घरी परतू शकतो. या शाळेत शिकलेल्यांपैकी कोणी पुढे वकिलीकडे वळला, तर त्याला उभे राहावे लागेल ते न्यायालय एवढ्याच अंतरावर आहे.